चार बोटांचा प्ले

“डावीकडं.”

मी स्टिअरिंग डावीकडे नेलं.

“आता उजवीकडं. हळू गं. गाडी वळवायची न्हाई, नुसती जागी करायची.”

हे वाक्य केरबा मिस्त्री प्रत्येक गाडीखाली एकदा तरी म्हणायचे. मिस्त्री म्हणजे माझे मालक. सगळं उद्यमनगर त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्न परस्पर मिटला होता. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हापासून आमच्या गॅरेजात स्टिअरिंगवर बसायचं काम माझं. मिस्त्री गाडीखाली गोणपाटावर उताणे, मी वर सीटवर. मी स्टिअरिंग जरा जरा हलवायचं आणि त्यांनी खाली एकेका सांध्यावर पंजा ठेवून कुठे ढिलं आहे ते ओळखायचं. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना वर चालायचा नाही. कोल्हापुरातल्या निम्म्या जुन्या गाड्यांमध्ये मी बसले असेन, पण वीतभरही गाडी कधी चालवलेली नाही. आजही येत नाही.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या चैत्रातली. गाडी शिरगुप्पे वकिलांची डुक्कर फियाट. नाकाड पुढे आणि पाठ गोल, म्हणून त्या जुन्या फियाटला लोक डुक्कर म्हणायचे. वकील स्वतःही म्हणायचे, पण दुसऱ्याने म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. सकाळी नऊच्या ठोक्याला ते गाडी घेऊन दारात हजर.

“मिस्त्री, स्टिअरिंगचं तेवढं बघा. मी धरतो सरळ आणि गाडी जाते तिच्या मनाला येईल तिकडे. परवा सांगलीच्या रस्त्याला ट्रकच्या अंगावरच निघाली होती.”

“बघतो की.”

“संध्याकाळी पाहिजे हं. उद्या सकाळी आंबा घाटानं रत्नागिरीला जायचंय, पद्मजाला आणायला. सातवा महिना संपला तिचा. पहिलं बाळंतपण म्हटलं की माहेरीच...” बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि त्यांनी जीभ चावली. “म्हणजे, वहिनी, तसं नव्हे...”

“च्या घेनार न्हवं, साहेब?” मी म्हटलं.

त्यांना वाटलं आपण माझ्या जखमेवर बोट ठेवलं. बिचारे दोनदा बशीत चहा सांडून गेले. मला तर काहीच झालं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी माझी मुलगी तीन दिवसांची होऊन गेली, आणि तेव्हापासून मला काही होईनासंच झालं होतं. भाकरी थापत होते, धुणं धूत होते, कुणी हसलं की हसत होते. शेजारणी म्हणायच्या, मालन धीराची आहे हो. धीर कसला, आत काही उरलंच नव्हतं.

मिस्त्रींशी बोलणं म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे. त्यातही बोलायचे ते, मी नुसतं स्टिअरिंग हलवायची. आमचं भांडण झालेलं नव्हतं. दवाखान्यातल्या एका दुपारी हा माणूस काय आहे ते मला कळलं होतं, आणि कळल्यावर त्याबद्दल बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

तर त्या सकाळी फियाटची पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवून मिस्त्री खाली शिरले.

“प्ले किती?” त्यांनी विचारलं.

स्टिअरिंग फिरतं पण चाक हलत नाही, त्या मधल्या मोकळ्या जागेला गॅरेजात प्ले म्हणतात. आमच्याकडे तो बोटांनी मोजायचा. एक बोट असला तर गाडीचं वय म्हणून सोडून द्यायचा, दोन बोटं झाला तर गिऱ्हाइकाला सांगून ठेवायचं.

“चार बोटं,” मी म्हटलं.

“चार? आणि ह्यो मानूस उद्या घाट उतरनार व्हय! हलीव.”

मी हलवत राहिले. खालून एकेक हिशेब वर येत होता. “मधला दांडा, बरा हाय. टायरॉड, ह्यो बरा. त्योबी बरा.” मिस्त्रींचा आवाज गाडीखालून यायचा तेव्हा जास्त खात्रीचा वाटायचा. मग ते सरकत डाव्या बाजूला गेले. मधला दांडा तिकडच्या टोकाला ज्या लोखंडी हातावर झुलतो त्याला आयडलर म्हणतात. तिथे ते बराच वेळ थांबले.

“आयडलर, चांगला हाय.”

तेवढ्यात मला करपल्याचा वास आला. तव्यावर केस पडल्यावर येतो तसा.

“अवो, काय करपतंय?”

“रबर आसंल. तू हलीव.”

शेवटी त्यांनी निकाल दिला की प्ले बॉक्सात आहे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या बुडाशी जी डबी असते ती. तिच्यावर एक स्क्रू असतो, तो पाव आटा आवळला की ढिलेपणा कमी होतो. त्यांनी तो आवळला, मग अजून जरा आवळला, आणि अंग झाडत बाहेर आले. डाव्या पंजाच्या कडेला करंगळीखाली रुपयाएवढा फोड उठला होता. गाडी नुकतीच आलेली, सायलेन्सरचा पाइप अजून तापलेला, त्यावरच हात टेकला असणार.

“भाजलंय की,” मी म्हटलं.

त्यांनी हाताकडे बघितलं, मग लगेच बाही ओढून घेतली. चैत्राच्या उन्हातही ते मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घालायचे. “कामाच्या हाताला आसंच व्हतं. किती राहिला प्ले?”

“दीड बोट.”

“झालं की मग.”

झालं नव्हतं. स्टिअरिंग मधोमध आलं की अडल्यासारखं जड लागत होतं, आणि त्या दीड बोटात एक बारीक टक होती. मी पुन्हा हलवून बघितलं. पुन्हा टक.

“अवो, आत टक लागतीया.”

“कुठं?”

“स्टेरिंगात. हाताला कळतंय माझ्या.”

“मालन, सगळ्या सांध्यांवर हात फिरवलाय मी. डोळा फसवंल, हात फसवत न्हाई. वीस वर्सं हेच करतोय.”

हे मात्र खरं होतं. आवाजावरून, नजरेवरून निदान करणारे मिस्त्री उद्यमनगरात पैशाला पासरी. आमचे मिस्त्री खाली बॅटरीसुद्धा न्यायचे नाहीत. अंधारात पंजा ठेवायचे आणि सांगायचे, आणि ते चुकल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या हातावर गिऱ्हाईक होतं, त्या हातावर आमचं घर होतं. मी गप्प उतरले आणि पाट्यावर चटणी वाटायला बसले.

अर्धी चटणी झाली तरी टक तळहातातून जाईना. त्या पद्मजाचा पुळका आला म्हणून मी उठले असं म्हणाले तर लोकांना बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. तिचा विचार मी हिशेबासारखा केला: उद्या घाट उतरताना वकील आणि त्यांची बायको असे दोघं, परवा चढताना तिघं आणि पोटातलं चौथं. गोळाबेरीज करून झाली आणि मी वरवंटा ठेवला.

मिस्त्री दुसऱ्या गाडीच्या कार्बोरेटरला लागले होते.

“तुम्ही वर बसा,” मी म्हटलं. “मी जाते खाली.”

“काय?”

“फियाटखाली. मी हात लावून बगते.”

त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग हसण्यावारी नेलं. “लुगडं नेसून? उद्या म्हनशील, मीच मिस्त्री, तुम्ही चटणी वाटा.”

“आर्धी ऱ्हायलीय, वाटा की. पर आधी वर बसा.”

चौदा महिन्यांत मी त्यांना उद्देशून बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य असावं. ते हातातला पाना ठेवून सीटवर जाऊन बसले. मी पदर खोचला, काष्टा आवळला, आणि गोणपाटावर पाठ टेकून आत सरकले. बारा वर्षं ज्या जागेवरून मला हुकूम येत होते ती जागा मी पहिल्यांदा बघत होते. लोखंड छातीपासून हातभर अंतरावर. ऑइलचा आणि मातीचा वास. बाहेर फक्त उजेडाची एक पट्टी आणि गाडीच्या दारातून खाली आलेला त्यांचा एक पाय.

“डावीकडं,” मी म्हटलं.

स्टिअरिंग हललं.

“उजवीकडं. हळू. नुसती जागी करायची.”

मी क्रमाने गेले, बॉक्सापासून. दांड्यावर पंजा ठेवला, तो हातात एकसंध होता. चाकांकडे जाणाऱ्या टायरॉडचे सांधे बघितले, तेही घट्ट. मग डावीकडे सरकले आणि आयडलरवर हात ठेवला. हलणारा दात जिभेला लागतो ना, तसा तो हाताला लागला. स्टिअरिंग डावीकडे गेलं की तो आधी वर उचलला जायचा, टक करायचा, आणि मग कुठे बाजूला जायचा. शिकलेल्या माणसाची गरज नव्हती, लहान मुलालाही कळलं असतं.

आणि त्याच सांध्यावर, धूळ-तेलाच्या थरात, मिस्त्रींच्या पंजाचे ताजे ठसे होते. चारही बोटांचे, नेमक्या जागी. त्यांनी कामचुकारपणा केला नव्हता. हात ठेवला होता, बराच वेळ ठेवला होता, आणि तरी म्हणाले होते, चांगला आहे.

मी तशीच पडून राहिले. करपल्याचा वास आठवला. फोड आठवला. गेल्या वर्षभरात विडी बोटापर्यंत जळत आली तरी न टाकणारे मिस्त्री आठवले; मला वाटायचं, विचारात असतील. मी तेव्हाही घाबरले नाही. आत काहीतरी थंडपणे एकेक सांधा चाचपत निघालं होतं.

“घावलं का काय?” वरून आवाज आला.

“मला जरा भाईर वडा,” मी म्हटलं. “हात द्या.”

ते सीटवर दाराकडे वळले आणि उघड्या दारातून त्यांचा डावा हात खाली आला. त्यांची नजर बाहेर रस्त्याकडे होती, उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. मी सरकत कडेपर्यंत आले आणि तो हात धरला. ओढ घेतली नाही. फक्त त्यांच्या पंजात माझा पंजा घातला आणि दाबला.

“कुठं हायस?” ते म्हणाले. “धर की हात.”

मी अजून जोरात दाबला. नखं रुतवली.

“मालन, धर की गं. किती येळ वाकू?”

“धरलाय मी,” मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. आपला हात बघितला, त्यात माझा हात बघितला. मग ते सीटवरून उतरले आणि फियाटच्या चाकाला पाठ लावून खाली जमिनीवर बसले. मी माझी मीच बाहेर आले आणि शेजारी बसले. त्यांनी डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केली. कोपराखाली फिकट चट्टा होता, तळव्याएवढा, त्यावर एकही केस नव्हता.

“कवापासनं?” मी विचारलं.

“अडीच वरीस झालं. आधी करंगळी गेली. मग शेजारचं बोट. आता सगळा पंजाच लाकडागत हाय. उजव्यालाबी सुरू झालंय.”

“दाखवलं न्हाई कुनाला?”

“दाखवून? माझ्या चुलत्याला झालता ह्योच रोग. गावानं वढ्याच्या पल्याड खोपाट बांधून दिलं त्याला. भाकरी लांबनं टाकायची.” त्यांनी बाही पुन्हा खाली ओढली. “महारोग्याच्या हातात गाडी देतंय कोन? आन तू तरी ऱ्हायली आसतीस?”

मला दुसरंच विचारायचं होतं. पोरगी गेली त्या दुपारी आम्ही दवाखान्यातल्या बाकड्यावर बसलो होतो. नर्सने आत काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं आणि मिस्त्री त्या दाराकडे बघत होते. मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा, चारचौघांत, लाज सोडून धरला, दोन्ही हातांनी धरला. त्या हाताने मला बोटभरही धरलं नाही. तो तिथेच पडून राहिला. मी किती वेळ धरून होते कोण जाणे, मग मी तो सोडला, आणि त्याबरोबर त्यांच्यातलं मनही काढून घेतलं. त्या दुपारी मला या माणसाबद्दल जे कळलं होतं ते हे होतं.

“दवाखान्यात,” मी म्हटलं. “बाकड्यावर. मी हात धरलाता तुमचा.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“कवा?”

मला रडू फुटलं. चौदा महिन्यांचं फुटलं, ऑइलच्या हातांनी तोंड झाकलं तर तोंडही काळं झालं. मिस्त्री गोंधळून म्हणत राहिले, “आगं, कवा? मी त्या दाराकडं बगत हुतो. मला वाटलं तू नुसती शेजारी बसलीयास. मला वाटलं, चट्टा बगितला हिनं. पोरगी माझ्या रोगानं गेली आसं वाटतंय हिला, म्हनून अंगाला हात लावंना झाली.” अशी दोन माणसं, एका घरात, चौदा महिने. सांगायला गेलं तर लोकांना खरंही वाटणार नाही.

पाच वाजता वकील आले. मिस्त्री गाडीपाशी उभे होते.

“झाली ना, मिस्त्री? पेट्रोल भरून ठेवतो म्हणजे.”

“न्हाई झाली. उद्या जाता येनार न्हाई तुमाला.”

“अहो, तिकडे निरोप गेलाय माझा!”

“दुसरा धाडा. दुपारी आला आसता तर मी गाडी दिली आसती तुमाला, आन ती घाटात खाली गेली आसती.” ते एका दमात बोलत होते. “आयडलरचा बुश गेलाय. मी हात लावला हुता, मला कळला न्हाई. हिनं काढला.” मग त्यांनी जे केलं त्याची मी कल्पना केली नव्हती. बाही वर करून चट्टा वकिलांपुढे धरला. “ह्यामुळं कळला न्हाई. आता तुमी ठरवा, गाडी हितं ठेवायची का न्यायची.”

वकील चट्ट्याकडे बघत राहिले. दोन पावलं मागेही सरकले, ते मी पाहिलं. मग काय झालं कोण जाणे, कदाचित कोर्टात माणसं बघून बघून त्यांना कळत असेल, ते परत पुढे आले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

“परवा जातो,” ते म्हणाले. “उद्या सकाळी इथून सरकारी दवाखान्यात चला दोघं माझ्याबरोबर. आणि वहिनी, ते तोंड आधी धुवा, मांजरासारखं झालंय.”

दुसऱ्या दिवशी लेथवर नवा बुश, म्हणजे आयडलरच्या सांध्यात बसणारी पितळी बांगडी, कातून आणला. तो बसवताना खाली मी होते, मिस्त्री बाहेर उकिडवे बसून विचारायचे, “कसं लागतंय? घसटतंय का फिरतंय?” मी सांगायची आणि पुढे काय करायचं ते ते सांगायचे. मग बॉक्सचा आवळलेला स्क्रू त्यांनी मला परत होता तिथे आणायला लावला. दुखणं एकीकडे आणि आवळलं भलतीकडे, असं म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. त्यानंतर प्ले एक बोट राहिला. पद्मजा सुखरूप आली, मुलगा झाला, पेढे घेऊन वकील स्वतः आले.

डॉक्टर म्हणाले होते, याला आता औषध आहे, रोग जाईल, घरात कुणाला व्हायचा नाही. पण मेलेली नस परत येईल असा भरवसा देत नाही. झालं तसंच. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्यावर रोग गेला, हात तसाच राहिला, दोन बोटं आत वळली. बातमी बाहेर फुटलीच. निम्मं गिऱ्हाईक तुटलं. काहीजण गाडी द्यायचे पण आमच्याकडचा चहा घ्यायचे नाहीत. उरले त्यांच्या गाड्यांखाली पुढची अठरा वर्षं मी गेले, आणि वर स्टिअरिंगवर मिस्त्री बसले. नवीन माणूस आला की बघत राहायचा. मिस्त्री त्याला सांगायचे, “हात माझाच हाय, फक्त तिच्या अंगाला लावलाय.”

आता गॅरेज बंद आहे. मिस्त्री पंचाहत्तरीला आलेत आणि डोळ्यांनीही अधू झालेत. संध्याकाळी आम्ही दारात बसतो. मी त्यांचा हात धरते आणि दर वेळी सांगते, “धरला बरं का.”

“बरं,” ते म्हणतात, आणि बोटं जितकी मिटतात तितकी मिटतात.